परकर घालून बाहेर जातेस?

गिरगावकरीण | सोमवार, रात्री १०.१२

घरात कालपासून अबोला चालू आहे, म्हणून हा धागा.

काल सकाळी लेक कॉलेजला निघाली. वर काळा टीशर्ट, पायात कोल्हापुरी आणि खाली माझा परकर. हो, साडीखालचा. गर्द जांभळा, पॉपलीनचा, सहा कळ्यांचा, तळाला दोन बोटांची झालर. लग्नातल्या एका साडीवर मॅचिंग शिवला होता. साडी केव्हाच बोहारणीकडे गेली, परकर राहिला. नाडी डाव्या बाजूला घेऊन तिने फुलासारखी गाठ मारली होती. खरं सांगते, मला पहिल्यांदा कळलंच नाही. छान आहे गं स्कर्ट, कॉजवेवरून घेतलास का, असं तोंडावर आलं होतं.

कळलं सासूबाईंना. वय ८१, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर घारीची. पेपर खाली ठेवून म्हणाल्या, "परकर घालून बाहेर जातेस?"

"आजी, स्कर्ट आहे हा."

"नाडी आहे त्याला. नाडी असली की परकर."

लेक "येते आजी" करून जिना उतरली. आमची चाळ, तिसरा मजला, समोरासमोर गॅलऱ्या. म्हणजे जिन्यावरून फाटकापर्यंत सगळ्यांनी परकर बघितला. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नातीशी बोलतात! दोष माझा, कारण परकर माझा.

आता गंमत ऐका. रात्री त्यांना बोलतं करायला म्हणून मी विचारलं, "आई, तुम्ही लहानपणी काय घालायचात?" तर एकदम खुलल्या. खणाचं परकर-पोलकं! देवगडजवळच्या त्यांच्या गावी शाळेत, देवळात, विहिरीवर, सगळीकडे तेच. दिवाळीला एक नवं, आणि घरात लग्न निघालं तर आणखी एक. वाढत्या अंगाचं शिवायचे. परकराला खाली चार-चार बोटांच्या दोन दुमडी घालून ठेवायच्या आणि पोर उंच झाली की एकेक उसवायची. बाहेरचं कापड उन्हाने आणि धुण्याने विटलेलं, दुमडीतलं मात्र नवंकोरं. त्यामुळे उसवल्यावर तळाला गडद पट्टा दिसायचा, आणि यंदा पोर किती वाढली ते अख्ख्या वाडीला समजायचं.

"मग तोही परकरच ना? आणि बाहेरच घालायचात ना?"

थोडा वेळ भात कालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो वेगळा." पुन्हा गप्प.

कसा वेगळा ते काही सांगत नाहीत. इथे शिवणकाम, इतिहास, भाषा जाणणारी मंडळी आहेत. मिरवायचं वस्त्र आत कधी गेलं? परकर आणि स्कर्ट यांत नाडीपलीकडे फरक काय? उत्तर मिळालं तर माझा अबोला सुटेल.

विरारफास्ट | सोमवार, रात्री १०.३१

"नाडी असली की परकर." मग आमच्या ह्यांचे सगळे पायजमे परकरच म्हणायचे. :)

सुईदोरा | सोमवार, रात्री ११.०५

आजींची व्याख्या हसण्यावारी नेऊ नका. लालबागला बावीस वर्षं शिवणाचे क्लास घेतेय, पहिल्या आठवड्यात प्रत्येक बॅचला परकरच शिकवते. परकर हाताला बसला की निम्मे स्कर्ट बसले. आणि खरा फरक कमरेतच आहे. परकराला नेफा, म्हणजे नाडी ओवायची दुमड, आणि नाडी. स्कर्टला पट्टी, हूक, चेन. नाडीला कंबर २६ काय आणि ३६ काय, सारखीच. म्हणून एक परकर बाळंतपणाच्या आधी चालतो, नंतरही चालतो, आणि तुमच्याकडे झालं तसं पुढच्या पिढीलाही होतो. स्कर्ट मापाचा पक्का. दोन किलो वाढलात की हूक बोंब मारतं.

सहा कळ्यांची गंमत सांगते. एक कळी म्हणजे एक उभा पट्टा, वर आठ इंच, खाली सोळा. सहा जोडल्या की वर ४८, खाली ९६. कंबरेशी चुण्यांचा गठ्ठा नाही आणि चालायला मात्र भरपूर घेर. कापताना एक कळी सुलटी, शेजारची उलटी ठेवायची, मग कापड वाया जात नाही. कुणी काढलं असेल हे डोकं, मला नेहमी प्रश्न पडतो. जोडताना एक पथ्य: प्रत्येक कळीची एक धार सरळ असते, एक तिरपी. सरळ धार शेजारणीच्या तिरप्या धारेला जोडायची. तिरपी तिरपीला जोडली तर दोन धुण्यांत शिवण लोंबते आणि परकर खाली वेडावाकडा होतो. फॅशनच्या पुस्तकात ज्याला गोअर्ड स्कर्ट म्हणतात तो हाच. तुमच्या लेकीने काही जगावेगळं केलेलं नाही.

आता अंब्रेला. हा मापात फसवतो. पूर्ण गोल घेराच्या स्कर्टला कमरेचं माप भागिले ६.२८, ती त्रिज्या. कंबर २८ तर साधारण साडेचार इंच. मागे एका मुलीने हिशेब न करता सरळ चौदा इंचांची त्रिज्या घेऊन गोल कापला. घालायला गेली तर स्कर्ट खांद्यावरून उतरून पायाशी! त्याचा मग पॉन्चो केला, बरा दिसला. तर साडेचारची त्रिज्या, खाली २६ इंच उंची. म्हणजे तळाचा घेर भरतो १९१ इंच, सव्वापाच वार. एका पाचवारीइतकी दुमड घालायची, ती पण गोलाईत. ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, तो अख्खा बसत नाही, दोन अर्धगोल कापायचे, सव्वातीन मीटर कापड धरा. आणि शिवला की लगेच खालची दुमड घालायची नाही. रात्रभर हँगरला टांगायचा. जिथे कापड तिरपं पडतं तिथे ते सकाळपर्यंत खाली उतरतं. मग उभं करून जमिनीपासून माप घेऊन कापायचा. घाई करणाऱ्या टेलरकडचे अंब्रेला स्कर्ट दोन बाजूंना शेपट्या काढतात ते यामुळेच.

प्लीट्सबद्दल उद्या. डोळे मिटताहेत.

कुलाबकर | मंगळवार, सकाळी ८.२०

"आत कधी गेलं" याला आपल्या मुंबईतच एक धागा सापडतो. नऊवारीला परकर लागतच नाही. कमरेची गाठ आणि मागे खोचलेला काष्टा, तिचा भार तीच पेलते. गोल पाचवारीचं तसं नाही. निऱ्या खोचायला कमरेला काहीतरी आवळलेलं हवं. म्हणजे नाडी हवी, म्हणजे परकर हवा.

आणि हे गोल नेसणं आलं कुठून? सत्येंद्रनाथ टागोर पहिले भारतीय आयसीएस, म्हणजे इंग्रज अमलातले सनदी अधिकारी. १८६४ मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. सोबत पत्नी ज्ञानदानंदिनी देवी. बंगाली बाई तोवर घरात एकच साडी गुंडाळत असे, आत काही नाही. त्या वेषात चारचौघांत वावरायचं कसं? इथे मुंबईत त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, आत पेटीकोट, वर ब्लाउज, आणि त्यात स्वतःचे फेरफार करून ते कलकत्त्याला नेलं. तिकडे ब्राह्म समाज या सुधारक पंथातल्या बायकांनी उचललं. आज देशभर जी साडी "पारंपरिक" म्हणून नेसतात तिच्यात मुंबईच्या पारशी घरांचा वाटा आहे, आणि पारशी घरांत पेटीकोट आला तो इंग्रजांकडून.

माझ्या मते आपल्याकडे पोरीबाळींचा परकर आधीपासून होताच. साडीखाली नवीन वस्तू आली तिला आपण घरातलं ओळखीचं नाव दिलं. वस्तू दोन, नाव एक. आजी "तो वेगळा" म्हणतात ते तंतोतंत बरोबर आहे.

गिरगावकरीण | मंगळवार, सकाळी ९.४०

कुलाबकर, हे वाचून दाखवलं. "पारशिणींवर ढकलू नका" एवढंच म्हणाल्या. पण माझ्याकडे बघून म्हणाल्या, हेही नसे थोडके.

त्यांच्या सासूबाई म्हणजे माझ्या आजेसासूबाई शेवटपर्यंत नऊवारीत. ह्या १९६४ मध्ये लग्न होऊन चाळीत आल्या त्या गोल पाचवारी नेसून. तेव्हा म्हातारीने तोंड फिरवलं होतं म्हणे. काष्ट्याशिवाय देवाचं करायचं नाही, नैवेद्याला हात लावायचा नाही. ही गोष्ट मला त्यांनीच पूर्वी सांगितलेली आहे. आता आठवण करून द्यावी का? हिंमत होत नाही.

स्पष्टवक्ता_ठाणे | मंगळवार, दुपारी १.१५

इतकी चर्चा कशाला? स्कर्ट ही इंग्रजांची देणगी. आपल्या स्त्रिया आपादमस्तक वस्त्रात असायच्या. गुडघ्याच्या वरचं जे काही आलं ते पश्चिमेकडून. आजींचं बरोबर आहे, मुलीला समजवा.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, दुपारी २.०२

स्पष्टवक्ते, घरात अमरकोश, तो जुना संस्कृत शब्दकोश, असेल तर त्यातला मनुष्यवर्ग हा भाग काढा, वस्त्रांच्या नावांपाशी थांबा. तिथे बायकांच्या एका वस्त्राला दोन शब्द दिलेत: अर्धोरुक आणि चंडातक. ऊरू म्हणजे मांडी. अर्धोरुक म्हणजे अर्ध्या मांडीपर्यंतचं. इंग्रज तेव्हा कुठे होते ते तुम्हीच बघा. मोहेंजोदडोच्या मातीच्या बाहुल्यांच्या कमरेलाही आखूड वस्त्र आणि वर मेखला आहे.

पश्चिमेचंच हवं असेल तर डेन्मार्कमध्ये १९२१ साली एग्टवेद गावी एका तरुणीचं दफन सापडलं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं. ओकच्या खोडाच्या पेटीत. तिच्या अंगावर लोकरीच्या पिळलेल्या दोऱ्यांचा आखूड स्कर्ट, नुसत्या दोऱ्या लोंबत्या, गुडघ्याच्या वरपर्यंत. थंडीच्या देशात! तेव्हा आखूडपणा कुणाच्या बापाचा नाही.

मराठीपुरतं सांगायचं तर "परकरी पोर" हा शब्दप्रयोगच बघा. "ती परकरी पोर असताना" म्हणजे साडी लागायच्या आधीची. आपण वय मोजायला वस्त्र वापरलंय. आजींच्या मनातला फरक बहुतेक तिथे आहे. लहान पोरीचा परकर हा पूर्ण पोशाख, मोठ्या बाईचा परकर हा अर्धा.

विरारफास्ट | मंगळवार, दुपारी २.१०

टाळ्या!

स्पष्टवक्ता_ठाणे | मंगळवार, दुपारी ३.३०

अमरकोशातला शब्द म्हणजे समाजमान्यता नव्हे. असो. माझं मत मांडलं.

कॉटनक्वीन | मंगळवार, संध्या. ६.४५

स्पष्टवक्त्यांना लंडनच्या फॅशनवाल्या मेरी क्वांटबाई आठवल्या असणार. मिनीस्कर्ट तिनेच शोधला ना?

कुलाबकर | मंगळवार, संध्या. ७.२०

शोध कुणाचा यावर तिकडेही भांडणं आहेत. क्वांटने १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर "बझार" नावाचं दुकान काढलं. पॅरिसमध्ये आंद्रे कुरेजने १९६०च्या दशकाच्या मध्यात गुडघ्यावरचे स्कर्ट आणले, तो श्रेय सोडायला तयार नव्हता. क्वांट स्वतः म्हणायची की किंग्ज रोडवरच्या पोरींनीच तो केला, "अजून आखूड करा" म्हणून त्याच मागे लागायच्या. नाव मात्र तिने दिलं, तिच्या आवडत्या मिनी गाडीवरून. आपल्या शब्दवेल्हाळांच्या नियमाने ती "अर्धोरुक" म्हणू शकली असती.

त्याच्या बरोबर उलटं १९४७ मध्ये झालं होतं. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओरने पहिलंच कलेक्शन दाखवलं, बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत प्रचंड घेराचे स्कर्ट. लोकांनी त्याला "न्यू लुक" म्हटलं. तेव्हा इंग्लंडमध्ये कपडे कुपनावर मिळत होते, ते १९४९ पर्यंत. एका स्कर्टला एवढं कापड बघून बायकांनी काही ठिकाणी भर रस्त्यात निषेध केला. आपल्याकडेही १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण होतं. अशा दिवसांत घेर हीच श्रीमंती.

लालबागचा_शशी | मंगळवार, रात्री ९.००

कापड निघालं म्हणून. वडील गिरणीत साच्यावर (मागावर) होते. आमच्या घरातल्या चारही बायकांचे परकर गिरणीच्या दुकानातून आणलेल्या कटपीसचे. रंग मिळेल तो. त्यामुळे आईचा परकर कधी साडीला मॅच झाला नाही. हिरव्या साडीखाली भगवा. आई म्हणायची, दिसतो कुणाला? १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि त्यानंतर कटपीसही गेले. आईने मग जुन्या परकरांच्या बऱ्या कळ्या काढून दोनाचा एक करायला सुरुवात केली. तीन कळ्या निळ्या, तीन पिवळ्या. परवा भाचीने तसलाच स्कर्ट "पॅचवर्क" म्हणून लिंकिंग रोडवरून आणला. मी काही बोललो नाही.

सुईदोरा | मंगळवार, रात्री ९.५०

शशीदादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. कळ्या उसवून दुसऱ्या परकराला जुळवणं सोपं नाही, नेफ्यापाशी माप चुकतं.

कालचं राहिलेलं प्लीट्सचं. चपट्या एकाच दिशेच्या त्या नाइफ प्लीट. एकमेकींपासून दूर वळवलेल्या दोन म्हणजे बॉक्स, आणि त्याच समोरासमोर वळवल्या की इन्व्हर्टेड. पूर्ण प्लीट घालायच्या तर सीटच्या (म्हणजे नितंबाच्या) मापाच्या तिप्पट कापड. ३६ सीटला १०८ इंच. स्कॉटलंडच्या पुरुषांचा प्लीटवाला किल्ट तर आठ वारांपर्यंत जातो. आणि टिकतात का? सुती कापडात नाही. पॉलिएस्टर उष्णतेने आकार धरतं, म्हणून टेरिकॉट आलं आणि शाळेच्या स्कर्टचं नशीब बदललं. त्याआधी? रात्री प्लीट्सवर कच्चे टाके घालून स्कर्ट गादीखाली. वर बहिणी झोपणार, तीच इस्त्री. सकाळी टाके ओढायचे. फारच सणाचा दिवस असेल तर तांब्यात निखारे.

कॉटनक्वीन | मंगळवार, रात्री १०.१५

शाळेचा स्कर्ट! आमच्या शाळेत (नाव घेत नाही) बाई वर्गात गुडघे टेकून उभं करायच्या. स्कर्टची कड फरशीला टेकली तर पास. नाही टेकली तर डायरीत शेरा. मी सातवीत एका वर्षात चार इंच वाढले, स्कर्ट मागच्या वर्षीचाच. आईला शेरा दाखवला तर म्हणाली, पगार एक तारखेला. मग दहा दिवस मी गुडघे टेकताना जरा मागे बसायचे, टाचांवर. कड टेकायची.

आणि जिचा स्कर्ट लांब ती शाळा सुटली की फाटकाबाहेर कमरेपाशी दोन वळकट्या मारायची. म्हणजे सकाळी लांब करायची धडपड, संध्याकाळी आखूड करायची. दुमडी घालून ठेवायची पद्धत आमच्यापर्यंत आलीच नाही, आजींच्या आईला सलाम.

वांद्र्याची_मेरी | मंगळवार, रात्री ११.२०

आमच्याकडे उलटं. माझी आजी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडची मूळची ख्रिस्ती, ती लुगड्यात. तिच्या मुली म्हणजे माझी आई आणि मावश्या फ्रॉक-स्कर्टवाल्या. मी आणि माझ्या बहिणी लग्नाकार्यात हौसेने पुन्हा लुगडं नेसतो, काही जणींना ते नेसवून द्यायला आता माणूस शोधावं लागतं. आजीला आईच्या स्कर्टचं काही वाटायचं नाही. तिची तक्रार एकच, "पैसे खय ठेवशील?"

विरारफास्ट | बुधवार, सकाळी ८.०५ (लेडीज डब्यातून)

मेरी, आजीचा प्रश्न लाखमोलाचा. लुगड्याला कनवटी. पैसा, किल्ली, तपकिरीची डबी, सगळं कमरेला. स्कर्टला काय? खिसा देतात तो दीड इंचाचा, दाखवायचा. युरोपातही जुन्या काळी बायका घेराच्या आत कमरेला वेगळे बांधायचे खिसे वापरत, स्कर्ट अंगासरशी झाले तसे ते गेले आणि पर्स आली. विरारच्या बाजारातल्या मासेवाल्या मावशीने परकराला आतून चेनचा खिसा शिवलाय. मीही शिवून घेतला. लोकलमध्ये पर्स मारली जाईल, परकर कोण मारतंय?

आता माझी फजिती. मागच्या दिवाळीला ऑफिसात साडी म्हणून तो नवीन फिशकट पेटीकोट ऑनलाइन मागवला. साडी काय चापूनचोपून बसते! लायक्राचा, गुडघ्यापर्यंत घट्ट, खाली माशाच्या शेपटीसारखा. चीर होती, पण गुडघ्याच्या बरीच खाली. घरी चालून बघितलं, झकास. विरारला गाडी रिकामी, चढले. येताना दादर. गाडी लागली, मी डावा पाय उचलला, तो फूटबोर्डपर्यंत पोचेचना! मागून गर्दी, पुढे दांडा हातात, पाय हवेत. दोघींनी काखेत हात घालून वर ओढली आणि चर्रकन आवाज आला. चीर गुडघ्याच्या वर. त्यानंतर मात्र आरामात बसले. तेव्हापासून पॉपलीन झिंदाबाद.

कुलाबकर | बुधवार, सकाळी ९.१०

तुमची फजिती ऐतिहासिक आहे. १९१०च्या सुमारास पॅरिसमध्ये असेच घोट्यापाशी आवळलेले स्कर्ट आले, हॉबल स्कर्ट. पायबंद घातलेल्या घोड्यासारखं चालायचं. पॉल प्वारे या डिझायनरचं नाव त्याला जोडतात. त्याने कॉर्सेटमधून, म्हणजे आतल्या घट्ट आवळपट्ट्यातून, बाईची छाती सोडवली आणि पाय बांधले. बायकांना ट्राममध्ये चढता येईना, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली चक्क पायरी नसलेली खालच्या तळाची ट्राम आणली, तिला लोक हॉबल स्कर्ट कारच म्हणायचे. आपल्या रेल्वेने १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल दिली, पण फूटबोर्ड आहे तिथेच आहे.

सुईदोरा | बुधवार, दुपारी १२.४०

फिशकट शिवायचाच तर चीर गुडघ्याच्या चार बोटं वर हवी. आणि दुसरं टोक म्हणजे नवरात्रातला घागरा. भुलेश्वरला गेलात की पहिला प्रश्न, "कॅनकॅन लावायचं?" म्हणजे आत कडक जाळीचे थर. नाव त्या फ्रेंच नाचावरून, त्यात झालरींचे थर उडवतात. घेर फुगवायची हौस जुनीच. आधी घोड्याच्या केसांचं कडक कापड घालायचे, फ्रेंचमध्ये घोड्याचा केस म्हणजे क्रँ, त्यावरूनच क्रिनोलिन. १८५६ मध्ये त्याचा पोलादी कड्यांचा पिंजरा निघाला. हलका होता, पण शेकोटीजवळ गेलं की पेट घ्यायचा, कितीतरी बायका भाजून गेल्या. कॅनकॅनची जाळीही नायलॉनची असते. गरब्यात ठीक, पण आरतीच्या ताटाजवळ आणि फटाक्यांत जपून. मी शिकवताना हे न चुकता सांगते.

त्वचावैद्य | बुधवार, रात्री ८.३०

नाडीचा विषय निघालाच आहे तर थोडं कामाचं. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घट्ट नाडी बांधली की कमरेला काळा पट्टा येतो, मग खाज, मग साल जाते, आणि घाम असतोच. बहुतेकींचं तिथेच थांबतं. क्वचित तिथली जखम वर्षानुवर्षं भरत नाही आणि तिचा त्वचेचा कर्करोग होतो. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकिगत बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये छापली. त्यातली एक तर परकर न घालता लुगडं नेसणारी होती. म्हणजे दोष परकराचा नाही, आवळण्याचा. मुंबईच्या डॉक्टरांनी धोतराच्या बाबतीतही पूर्वी हे नोंदवलंय.

नाडी दोरीसारखी नको, रुंद पट्टी घ्या. घरी असताना सैल करा. बांधायची जागा अधूनमधून दोन बोटं वर-खाली करा. कमरेवर महिनाभर न भरणारी जखम असेल तर हळद लावत बसू नका, दाखवा. घरातल्या ज्येष्ठ बायकांना मुद्दाम विचारा, त्या आपणहून सांगत नाहीत.

गिरगावकरीण | बुधवार, रात्री १०.५५

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून सासूबाईंना सरळ विचारलं, "आई, कमरेला काही आहे का?" अबोला सुटला तो असा. काळा पट्टा आहे, जखम नाही. पण रोज संध्याकाळी खोबरेल लावतात हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. उद्या रुंद पट्टीची नाडी घालून देते.

मग आपणच म्हणाल्या, "माळ्यावरची गोधडी काढ."

काढली. त्यांच्या आईने शिवलेली, कडा झिजलेल्या, आता पांघरत नाही कुणी. मधोमध चारेक चौकोन खणाचे. तेराव्या वर्षी साडी नेसवली, त्याच पावसाळ्यात आईने त्यांचे परकर कापून गोधडीत घातले. "मी शाळेतून आले तर परकर नव्हते." एवढंच बोलल्या. मी नीट पाहिलं तर एका चौकोनात विटक्या जांभळ्याला लागून चार बोटांचा गडद पट्टा आहे. खाली तसाच आणखी एक, थोडा कमी गडद. लेक बराच वेळ त्या पट्ट्यावरून बोट फिरवत बसली होती.

आज सकाळी तिचा परकर दोरीवरून त्यांनीच काढला, उलटा करून शिवणी बघितल्या. झालर एका जागी उसवली होती ती शिवून दिली. "नाडी बाहेर लोंबू देऊ नकोस" अशी सूचना. आणि आता नवीन टूम. नातीला खणाचा परकर शिवायचाय, पूर्ण पायघोळ, वर पोलकं. सुईदोराताई, तुमच्याकडेच टाकावा म्हणते. खण दादरला मिळेल की गुळेदगुड्डचा कुणाकडून मागवावा?

सुईदोरा | गुरुवार, सकाळी ७.३०

दादरला मिळेल, पण पन्हा बघून घ्या. अस्सल खणाचा पन्हा लहान असतो, परकराला उभे पट्टे जोडावे लागतील, काठ तळाशी येईल असे. पॉलिएस्टरचा "खण प्रिंट" घेऊ नका, दुकानदार तोच पुढे करतात. धुवून, वाळवून आणा, सुती कापड आटतं. माप पाठवा, कंबर नको, नुसती उंची.

गिरगावकरीण | गुरुवार, सकाळी ९.१५

उंची ४० इंच. आणि सासूबाईंचा निरोप आहे, खाली चार बोटांची दुमड घालायची. मी म्हटलं, "आई, ती एकोणीस वर्षांची आहे, आता कुठे वाढणार?"

तर म्हणाल्या, "कापड आटतं, ऐकलं नाहीस का?"

विरारफास्ट | गुरुवार, सकाळी ९.१८

आतून चेनचा खिसा विसरू नका.